पोपच्या दफ्तरातलं अक्षर आणि आमच्या लग्नपत्रिका : चॅन्सरी इटालिक फॉन्ट कुठे, कसा आणि किती वापरावा

एप्रिल लागला की आमच्या दुकानात एक प्रसंग ठरलेला. मुंबईहून आलेला नवऱ्यामुलाचा भाऊ मोबाइल पुढे करतो. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नाची इंग्रजी पत्रिका असते. "असंच वळणदार हवंय," तो म्हणतो. सोबतच्या आजी चष्मा पुसत विचारतात, "आणि ह्यां माका वाचूक येतला मां?" या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माझा धंदा चालतो. कणकवलीच्या बाजारात इतकी वर्षं डीटीपी केल्यावर या वळणदार अक्षराबद्दल जे कळलं, ते इथे क्रमानं मांडतो. पत्रिका, प्रमाणपत्र, होमस्टेची पाटी, कोकमाच्या बाटलीवरचं लेबल, यांतलं काहीही स्वतः करणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

आधी ओळख पटवा

गिऱ्हाईक ज्याला सरसकट "कर्सिव्ह" म्हणतं, त्यात दोन वेगळी घराणी असतात. एक कॉपरप्लेट. टोकदार निबचं, दाब दिला की जाड आणि सोडला की केसासारखं बारीक होणारं, एकमेकांना जोडलेलं आणि चांगलंच तिरपं. जुन्या शाळांतल्या इंग्रजी कित्त्यांचं वळण साधारण याच घराण्यातलं. दुसरं घराणं म्हणजे चॅन्सरी इटालिक, आणि हा लेख त्याच्याविषयी आहे. ते रुंद, सपाट कापलेल्या निबचं अक्षर आहे. त्यातलं जाड-बारीक दाबावर ठरत नाही, निब किती कोनात धरली यावर ठरतं. अक्षरं बहुतेक सुटी असतात. कलही थोडाच, साधारण ५ ते १० अंश.

फॉन्टचं नाव माहीत नसेल तर तीन अक्षरं पाहा. छोटा एन : त्याची कमान दांड्याच्या माथ्यावरून निघत नाही, दांड्याच्या पोटातून फुटून वर जाते, आणि मध्ये पाचरीसारखी पांढरी फट राहते. छोटा ए : वर टोपी नसलेला, एकमजली, बदामासारखा. छोटा डी, एच किंवा एल : वरचं टोक वाऱ्यानं कललेल्या माडाच्या शेंड्यासारखं एका बाजूला झुकतं. या तीन खुणा जुळल्या तर तुमच्या समोर चॅन्सरी आहे.

ही ओळख पटवायची कारण दोन्ही घराण्यांचा बाज निराळा आहे. कॉपरप्लेट नटून येतं. चॅन्सरी इस्त्रीचा सदरा घालून येतो. समारंभाचा, पण मुळात कामाचा माणूस.

आणि तो खरोखरच कामाचा माणूस होता. पंधराव्या शतकात फ्लोरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली नावाचा ग्रंथवेडा जुन्या लॅटिन पोथ्या हातानं उतरवून काढायचा. भराभर लिहायचं तर अक्षर जरा कलतं, अरुंद होतं, हात कमी वेळा उचलला जातो. त्या घाईतून हे वळण घडलं आणि पुढे रोममध्ये पोपच्या दफ्तरात रुळलं. चॅन्सरी म्हणजे दफ्तरच. तिथल्या लुडोविको आरिगी या लेखनिकानं हे वळण शिकवणारं छोटं पुस्तक काढलं, त्यावर १५२२ सालची नोंद आहे. त्याच्याही आधी, १५०१ साली, व्हेनिसचा छापखानदार आल्डस मॅन्युशियस यानं फ्रान्चेस्को ग्रिफोकडून या तिरप्या अक्षराचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, पाडून घेतले आणि व्हर्जिलच्या कविता हातात मावतील अशा आकारात छापल्या. गंमत अशी की त्या खिळ्यांत कॅपिटल अक्षरं तिरपी नव्हती. ती सरळ उभी होती आणि उंचीला बेताची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे सगळं वाचताना मला मोडी आठवते. आपल्या घरोघरच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद असतात ना, तेच वळण. ओळभर रेघ आधी मारून घ्यायची आणि बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. तीही दफ्तरातली, तीही घाईतून घडलेली. फरक इतकाच की पोपच्या कारकुनांचं अक्षर पुढे लग्नपत्रिकेवर जाऊन बसलं आणि आपली मोडी विसाव्या शतकाच्या मध्याला दफ्तरातच निवृत्त झाली. रोमन लिपीतली छपाई आमच्या किनाऱ्याला तशी नवी नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना उतरला तेव्हा आल्डसचे तिरपे खिळे जेमतेम ५५ वर्षांचे होते. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राशोलला रोमन अक्षरांत छापलं गेलं. मराठी आणि रोमन एकाच कागदावर कसं नांदवायचं, हा कोकणातला चारशे वर्षांचा जुना प्रश्न आहे.

वापरायचा की नाही

माझा नियम साधा आहे. जो मजकूर माणूस उभा राहून, सावकाश, एकदाच वाचणार आहे, तिथे चॅन्सरी शोभतो. नवरा-नवरीची नावं. सत्कारपत्रावरची पहिली ओळ. शाळेच्या शतकमहोत्सवाच्या निमंत्रणावरचं इंग्रजी शीर्षक. होमस्टेच्या खोलीत ठेवलेलं स्वागताचं कार्ड. मेनूकार्डावरची विभागांची नावं, म्हणजे "मासे", "सोलकढी आणि सरबतं" यांची इंग्रजी रूपं. पदार्थांची यादी मात्र नाही.

जो मजकूर शोधून काढायचा, पुन्हा पुन्हा बघायचा किंवा लांबून वाचायचा असतो, तिथे हा फॉन्ट नको. फोन नंबर, पत्ता, वेळ, दर, औषधाच्या सूचना, बँकेचा तपशील. परिच्छेदच्या परिच्छेद यात लावणारे लोकही भेटतात. निवृत्तीच्या मानपत्राचा दोन पानी इंग्रजी मजकूर एकानं याच फॉन्टात आणून दिला होता. सभागृहात वाचणारे गृहस्थ तिसऱ्या ओळीला अडखळले, मग कागद लांब धरून बघितला, मग जवळ, आणि शेवटी मनानंच बोलले. छान बोलले, हा भाग वेगळा.

दुःखद प्रसंगाच्या पत्राला मी हा फॉन्ट वापरत नाही. कुणी सांगितलेला नियम नाही, पण चॅन्सरीच्या शेपट्यांत एक प्रसन्नपणा आहे, तो तिथे बोचतो.

फॉन्ट आणायचा कुठून

बहुतेकांच्या संगणकात तो आधीच असतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारा मोनोटाइप कॉर्सिव्हा हा पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी केलेला, आणि कोकणातल्या निम्म्या प्रमाणपत्रांवर तोच आहे. मॅकवर अ‍ॅपल चॅन्सरी असतो, तो क्रिस होम्स यांचा. या सगळ्यांच्या आधीचा आयटीसी झाप्फ चॅन्सरी, १९७९ सालचा, जर्मन अक्षरकार हेर्मान झाप्फ यांचा. ऐंशीच्या दशकात तो लेसर प्रिंटरच्या आतच बसवून येऊ लागला आणि जगभर पसरला. झाप्फ यांचाच पुढचा झाप्फिनो फार लांब हात फेकतो. एखाद्या शब्दापुरता सुंदर, पण त्याला चहूबाजूंनी अंगण लागतं.

फुकट आणि कायदेशीर हवा असेल तर टेक्स जायर कोरस घ्या, तो झाप्फ चॅन्सरीच्या वळणाचा आहे. गूगल फॉन्ट्सवर टँजरीन आहे. नाजूक, देखणा, पण लहान दिसतो. १६ पॉइंटाच्या खाली वापरूच नका. विंडोजवर गॅब्रिओला असतो. तो जॉन हडसन यांचा, आणि त्यात एकाच अक्षराची साधी, जराशी नटलेली आणि भरपूर नटलेली अशी रूपं भरून ठेवली आहेत. हडसन हे नाव देवनागरीच्या भागात पुन्हा येणार आहे.

विकतचा फॉन्ट कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका आणि आपला प्रेसला देऊ नका. काम देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या (अक्षर मग फॉन्ट न राहता नुसती आकृती होतं), म्हणजे प्रश्नच मिटतो.

टाइप करताना

हा भाग जरा सावकाश वाचा. फॉन्ट चांगला असूनही काम बिघडतं ते इथेच.

आकार. चॅन्सरीच्या छोट्या अक्षरांची उंची मुळात कमी असते आणि वर-खाली जाणारे दांडे लांब. त्यामुळे १२ पॉइंटाचा कॉर्सिव्हा डोळ्यांना साध्या फॉन्टच्या १० पॉइंटाएवढा वाटतो. कागदावर वाचायच्या ओळीसाठी १५-१६ पॉइंट धरा, नावांसाठी ३० ते ३६.

कॅपिटल. सगळी ओळ कॅपिटलमध्ये टाइप करू नका. कधीच नको. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे ही खोड आपल्याला लवकर कळत नाही. महत्त्वाचं म्हणजे कॅपिटल, एवढंच शाळेत मनावर बिंबलेलं असतं. चॅन्सरीचं कॅपिटल हे वाड्याच्या दारासारखं आहे, एका घराला एकच. आठ दारं ओळीनं लावली तर घर दिसत नाही. आडनाव तसं छापलं तर सावंत की परब हे घरच्यांनाही सांगता येणार नाही. नटलेल्या रूपांत आय, जे आणि टी ही कॅपिटल फार सारखी दिसतात. जाधव आणि तावडे या दोन आडनावांना मी नेहमी साधं रूप देतो. याउलट एक युक्ती आल्डसच्या छापखान्यातली : छोटी अक्षरं चॅन्सरीत ठेवा आणि कॅपिटल एखाद्या सरळ उभ्या जुन्या वळणाच्या फॉन्टमधलं, किंचित लहान करून लावा. नाव एकदम भारदस्त दिसतं आणि वाचताही येतं.

शेपट्या. लांब फराटा शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये नाही. एका ओळीत एकच शेपटी, फार तर दोन. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची चौकट उघडा. प्रगत विभागात स्टायलिस्टिक सेट (अक्षरांची पर्यायी रूपं) आणि लिगेचर (जोडून काढलेली अक्षरं) मिळतील. गॅब्रिओला लावून तिथले आकडे एकेक बदलून बघा, अर्धा तास मजेत जाईल. इनडिझाइनमध्ये ग्लिफ्सच्या खिडकीतून हवं ते रूप उचलता येतं. दोन शेपट्या एकमेकींवर चढल्या तर एक काढा. ती सरकवून बसवण्याचा हट्ट धरू नका, ती छपाईच्या प्लेटवर पुन्हा चढते.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. ऐटबाज दिसावं म्हणून लोक अक्षरं फाकवतात. पण हे हातानं एका झोकात लिहिलेलं वळण आहे. फाकवलं की प्रत्येक अक्षर वाट चुकल्यासारखं उभं राहतं. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा. ३० पॉइंटाच्या अक्षराला ३८ ते ४० पॉइंटाची ओळ. नाहीतर वरच्या ओळीतल्या वाय आणि जीच्या शेपट्या खालच्या ओळीतल्या एल आणि एचमध्ये अडकतात.

जाड करायचं बटण दाबू नका. फॉन्टला स्वतःचं जाड रूप नसेल तर संगणक नुसती कड फुगवतो, निबचा काप नाहीसा होतो आणि अक्षर चिखलात पडल्यासारखं दिसतं. उठाव हवा असेल तर आकार वाढवा. तिरपं करायचं बटणही नको, ते आधीच तिरपं आहे.

अंक. यावर माझं स्वतःचं नाक कापून झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका वास्तुशांतीच्या कार्डावर मी फोन नंबर चॅन्सरीत टाकला. हौस, दुसरं काय. छापून आल्यावर कळलं की त्यातला ७ बऱ्याच जणांना १ वाटतोय. पंधरवडाभर एका अनोळखी माणसाला "येताना टॅम्पो मिळतो का?" असे फोन जात राहिले. त्या दिवसापासून अंक सरळ, उभ्या, साध्या फॉन्टमध्ये. पत्रिकेवरची लग्नघटिका तर हमखास.

शेजारी मराठी कशी बसवायची

कोकणातलं काम बहुधा दुभाषी असतं. एका बाजूला "आमचे येथे श्री कृपेकरून", दुसऱ्या बाजूला ऑफिसातल्या मंडळींसाठी इंग्रजी. इथे सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे इंग्रजी तिरपं आहे म्हणून मराठीही तिरपी करून टाकणं. बटण दाबलं की कोरल (कोरलड्रॉ) किंवा वर्ड अक्षर नुसतं ढकलून देतं. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलंडतो, वेलांटी मागच्या अक्षरावर रेलते, आणि रफार कुणाचा हे शोधावं लागतं. कौलं जागेवर आणि भिंती कललेल्या, अशा घरासारखं ते दिसतं.

याचं कारण हत्यारात आहे. इटालिकची रुंद निब ओळीशी साधारण ४५ अंशांत धरतात. त्यामुळे डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी रेघ जाड पडते आणि खालून वर जाणारी बारीक. देवनागरीचा बोरू उलट बाजूला तिरपा कापतात, म्हणून आपल्या अक्षरातलं जाड-बारीक रोमनच्या उलट पडतं. दोन्ही लिप्या सुंदर आहेत, पण त्यांच्या अंगावर उजेड दोन दिशांनी पडतो. एकीला ढकलून दुसरीसारखी करता येत नाही.

मग जोडी कशी लावायची? तिरपेपणात सारखेपणा शोधू नका, रेघेच्या वजनात शोधा. चॅन्सरी मुळात सडपातळ आहे, तर शेजारी बोरूचा काप दिसणारी, बेताच्या जाडीची देवनागरी घ्या. माझी नेहमीची निवड टायरो देवनागरी मराठी. टायरो ही वर सांगितलेल्या हडसन यांचीच संस्था, आणि हा फॉन्ट फुकट आहे. त्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचा ल पत्रिकेवर आला की आमच्याकडचे निवृत्त गुरुजी तो हमखास लाल शाईनं गोल करतात. साधेपणा हवा तर 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता. हस्ताक्षराचा बाज हवा असेल तर कलम आहे, पण तो घरगुती वाटतो. मेनूकार्डाला चांगला, सत्कारपत्राला नाही.

उंची डोळ्यांनी जुळवा, पॉइंटांनी नको. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं मराठी अक्षर इंग्रजी छोट्या अक्षराहून उंच आणि कॅपिटलहून ठेंगणं असावं. ३० पॉइंटाच्या चॅन्सरीशेजारी मी देवनागरी २२ पॉइंटापासून सुरू करतो आणि वर-खाली करत जातो. शक्यतो दोन लिप्या एका ओळीत घेऊ नका. रोमन अक्षर तळाच्या रेषेवर बसतं आणि नागरी शिरोरेषेला लोंबतं. एकाच ओळीत एक जिना चढतोय आणि एक झोपाळ्यावर बसलाय असं होतं.

फॉन्ट कायम करण्याआधी चार शब्द टाइप करून बघा : दर्‍याकाठ, लग्नघटिका, श्रीकृष्ण, सुहृद. पहिल्या शब्दातला र चंद्रकोरीसारखा अर्धा न दिसता रफार होऊन वर उडाला, तर तो फॉन्ट किंवा ते सॉफ्टवेअर मराठीसाठी कच्चं आहे. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं फुटतात, आणि श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की त्याची भाषाच बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर चिकटवल्यावर प्रत्येक ओळ पुन्हा वाचा.

एक पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत

कार्ड ५ बाय ७ इंच, उभं. चारही बाजूंना अर्धा इंच मोकळा, म्हणजे मजकुराला ४ इंच रुंदी. आधी सगळा मजकूर एकाच साध्या उभ्या फॉन्टमध्ये ११ पॉइंटात ओतून घ्या. सजावट अजिबात नाही. या टप्प्यावर घरच्यांकडून नावं, नाती, तारीख, वार, वेळ तपासून घ्या. वळणदार अक्षरात शुद्धलेखनाच्या चुका लपतात, साध्यात उघड्या पडतात.

मग ठरवा की चॅन्सरी कुणाला मिळणार. वधू-वरांची दोन नावं, बस. ती ३४ पॉइंटात, वेगवेगळ्या ओळींवर. आडनावासकट पंधरा अक्षरांचं नाव या आकारात साधारण पावणेतीन-तीन इंच घेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा राहते. पहिल्या नावाच्या सुरुवातीच्या अक्षराला शेपटी द्या, दुसऱ्या नावाच्या शेवटच्या अक्षराला. दोन्ही नावांमधलं "आणि"साठीचं & हे चिन्ह चॅन्सरीत फार देखणं असतं, त्याला त्याची स्वतंत्र ओळ द्या आणि रंग तिथेच वापरा. आई-वडिलांची नावं उभ्या फॉन्टमध्ये. "त्यांनाही फुलाफुलांचं करा" असा आग्रह होतो. मी नम्रपणे नाही म्हणतो. सगळ्यांनीच शालू नेसला तर नवरी कोणती?

ओळी मधोमध लावताना शेपट्यांमुळे फसगत होते. सॉफ्टवेअर शेपटीसकट मध्य काढतं आणि नाव एका बाजूला सरकलेलं दिसतं. शेपटीवर बोट ठेवून उरलेल्या शब्दाचा मध्य बघा आणि हातानं सरकवा.

प्रिंट काढा, भिंतीला लावा, सहा फूट मागे जा. नावं वाचता आली तर पुढे चला.

प्रमाणपत्रावर नाव हातानं लिहायचं असेल तर

छापलेल्या चॅन्सरी ओळीखाली बॉलपेननं लिहिलेलं नाव केविलवाणं दिसतं. दीड मिलिमीटरचं कट निबचं पेन आणा. छोट्या अक्षराची उंची निबच्या पाचपट, म्हणजे साडेसात मिलिमीटर. पेन्सिलीनं दोन फिक्या रेघा मारून घ्या. कोन बरोबर आहे का हे बघायला अधिकचं चिन्ह काढा. उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीची आली तर कोन ४५ अंश आहे. आडवी बारीक आली तर निब फार सपाट धरलीय. तासाभराच्या सरावात वीस मुलांची नावं लिहिण्याइतका हात बसतो. आधी जुन्या वर्तमानपत्रावर, मग कोऱ्या कागदावर.

पाटी आणि लेबल

तारकर्लीच्या रस्त्यावर होमस्टेची पाटी लावायची आहे आणि चॅन्सरीत हवी आहे, असं कुणी म्हटलं की मी हिशेब मांडतो. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाला वाचायला तीन सेकंद द्या, म्हणजे ३३ मीटर. पाटीवाल्यांचा ढोबळ नियम दहा फुटांना एक इंच, म्हणजे साध्या ठळक अक्षराला ११ इंच उंची हवी. चॅन्सरीची छोटी अक्षरं त्याच उंचीत निम्मीही भरत नाहीत. तेव्हा रस्त्यावरची पाटी ठळक आणि उभ्या अक्षरांत करा, आणि चॅन्सरी आतल्या दारावर लावा, जिथे पाहुणा पिशव्या ठेवून दम खात उभा असतो.

पाटीच्या बाबतीत कायदाही आहे. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर देवनागरीतली मराठी आधी हवी आणि तिचं अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. म्हणजे इंग्रजी शेपट्या कितीही लांबवल्या तरी मराठी नाव वर आणि ठसठशीत. मला तर ते सोयीचंच वाटतं : लांबून वाचण्याचं काम मराठी करते, जवळून बघण्याचं काम चॅन्सरी.

अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून घेणार असाल तर बारीक शेपट्या काढूनच टाका. पहिल्याच पावसाळी वाऱ्यात त्या तुटतात. रंगवलेल्या पाटीवर शेवाळ धरलं की आधी बारीक रेघ जाते आणि एन-यू सारखे दिसू लागतात. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू अक्षरांवर तांबडे ओघळ सोडतात. स्टीलचे मागून घ्या.

कोकम सरबताच्या किंवा आंबावडीच्या लेबलावर नाममुद्रेचा एखादा शब्द चॅन्सरीत चालतो. घटक, वजन, किंमत, तारीख, परवाना क्रमांक हे सगळं साध्या ठळक अक्षरात. आंब्याच्या पेटीवर स्टेन्सिलनं रंग मारायचा असेल तर हा फॉन्ट विसरा. स्टेन्सिलला अक्षराच्या पोटात पूल सोडावे लागतात आणि चॅन्सरीचं पोट आधीच लहान.

छापायला देताना

कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवा. कर्व्ह केल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही, आणि सुधारणा रात्री दहाला येतेच. पाव पॉइंटाहून बारीक रेघ ऑफसेटवरही तुटते. स्क्रीन प्रिंटिंगला अर्धा पॉइंट तरी हवा आणि बारीक जाळीची स्क्रीन हवी, हे आधीच सांगा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा चॅन्सरी चार रंगांत छापू नका. प्लेट केसभर सरकली की बारीक रेघा बुजतात. एकाच गडद रंगावर घ्या, तेही १८ पॉइंटाच्या वर. सोनेरी फॉइल आणि खरखरीत हातकागद ही जोडी पडद्यावर छान वाटते, पण कागदाच्या खळग्यांत फॉइल बसत नाही आणि ई-ओची पोटं भरून जातात. फॉइल हवं तर गुळगुळीत कार्ड, हातकागद हवा तर मोठा आकार आणि शाई.

जूनमधलं काम असेल तर कागदाचं वेष्टन फोडण्याआधी तो एक दिवस यंत्राच्या खोलीतच राहू द्या. दमट हवेत उघडा पडलेला कागद फुगतो, कडा वळतात आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही. शाईही उशिरा वाळते. गठ्ठे लहान ठेवा, नाहीतर नवरीचं नाव वरच्या कार्डाच्या पाठीवर उमटतं.

कोपऱ्यांवरून नक्षी किंवा शेपटी नेऊ नका. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवतात, बाकीच्यांच्याही चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लागतात, आणि ती बोटं लावणाऱ्या काकींना तुमची मार्जिन दिसत नाही. कोपऱ्यापासून पाऊण इंच मोकळं सोडा. पाकिटावर पाहुण्याचं नाव कट निबनं लिहा. गाव, तालुका आणि पिनकोड रोजच्या अक्षरात, बॉलपेननं. पावसात पाकीट भिजलं तरी पोस्टमनला तेवढं वाचता येतं.